कागदावर जमलेले ग्रह

शनिवार, ३ फेब्रुवारी १९६२. संध्याकाळी चंद्र मकर राशीत आला आणि अष्टग्रही लागली. सूर्य, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू हे सात मकरेत होतेच, चंद्र आठवा. राहू तेवढा समोरच्या कर्केत राहिला. राहू आणि केतू एकमेकांपासून कायम १८० अंशांवर असतात, त्यामुळे त्या दोघांनी एका राशीत येणे अशक्यच. म्हणजे नवग्रहांपैकी जास्तीत जास्त जेवढे एकत्र येऊ शकतात तेवढे सगळे आले होते. सोमवारी, ५ तारखेला, शके १८८३ची पौष अमावास्या होती. त्या दिवशी सूर्यग्रहणही घडले. न्यू गिनी आणि पॅसिफिक महासागराच्या काही भागात ते खग्रास होते. सोमवारी संध्याकाळी चंद्र कुंभेत गेला आणि योग सुटला. सारा मामला दोन दिवसांचा. पण या दोन दिवसांची धास्ती देशाने बरीच आधीपासून घेतली होती.

ज्यांचे बालपण त्या काळात गेले त्यांच्यापुढे ‘अष्टग्रही’ हा शब्द उच्चारून पाहावा. घरातली कुजबुज, देवळातली गर्दी, असे काही ना काही निघतेच. गावोगावी होमहवन झाले, अखंड पाठ बसले, दानधर्म झाला. महाभारत युद्धाच्या वेळी असाच योग होता, असे छातीठोकपणे सांगितले जाई. भूकंप, महापूर, युद्ध, राजाला अरिष्ट अशी भाकितांची यादी होती आणि तिच्यात ज्याला जे जास्त भिववील ते त्याने उचलावे अशी सोय होती. पंतप्रधान नेहरूंनी हे सगळे हसण्यावारी नेले. शेजारच्या ब्रह्मदेशात मात्र पंतप्रधान ऊ नू यांनी पुण्यसंचय व्हावा म्हणून डुकरे, शेळ्या, कोंबड्या, कबुतरे, मासे आणि खेकडेसुद्धा बंधमुक्त केले.

भिणाऱ्यांना नावे ठेवण्याआधी ते दिवस कोणते होते हे पाहायला हवे. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटून पुणे बुडाले होते. त्याला सात महिनेही झाले नव्हते. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, तोही लष्करी कारवाईने, म्हणजे युद्ध हा शब्द पुन्हा घरात आला होता. चीनच्या सीमेवरच्या कुरबुरी वाढत होत्या. अमेरिका आणि रशिया यांच्या अणुबाँबच्या चाचण्या चालू होत्या. तिसरी सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. १९ ते २५ फेब्रुवारी हे मतदानाचे दिवस, आणि मुंबईत कृष्ण मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी अशी देशभर गाजलेली लढत. अशा वेळी पंचांग उघडावे आणि एकाच घरात आठ ग्रह बसलेले दिसावेत! कुंडलीचे अकरा खण जवळजवळ मोकळे आणि एकात अक्षरे मावत नाहीत, अशी ती मांडणी. ज्याचा ज्योतिषावर विश्वास नाही त्यालाही ती पाहून चमकल्यासारखे झाले असेल.

आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ही युती कोणालाही दिसली नाही. दिसणे शक्यच नव्हते. सूर्य स्वतःच त्या मेळाव्याच्या आत बसला होता आणि बाकीचे सगळे त्याच्यापासून पंधरा अंशांच्या आत होते. सूर्याच्या इतके जवळ असलेले ग्रह त्याच्याबरोबरच उगवतात आणि मावळतात. पंचांगाच्या भाषेत ते अस्तंगत असतात. त्या आठवड्यात भारतातल्या कोणत्याही गच्चीवर जाऊन आकाश पाहिले असते तर पाचांतला एकही ग्रह नीट हाती लागला नसता. केतू तर पिंडच नव्हे, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो गणिती बिंदू. ज्या थोड्या मुलखात सूर्य पूर्ण झाकला गेला तिथे चार मिनिटांच्या अंधारात काही ग्रह उघडे पडू शकत होते, तेवढेच. बाकी सगळ्या जगासाठी हा योग छापील आकड्यांत होता. लोक आकाशाला भ्याले नाहीत, कोष्टकाला भ्याले.

ही कोष्टके आली कुठून, आणि ‘सगळे ग्रह एकत्र’ या कल्पनेत एवढा धाक कसा भरला, हा इतिहास अष्टग्रहीपेक्षा फार जुना आहे आणि त्यात आपल्या मुलखाचाही हात आहे.

सूर्यसिद्धांताचा सातवा अध्याय ग्रहयुतीचा आहे. तिथे प्रकार स्पष्ट केले आहेत. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे पाच तारांसारखे दिसणारे ग्रह आपसांत भेटले तर ते युद्ध किंवा समागम. त्यांतला एखादा चंद्राला भेटला तर समागम. सूर्याला भेटला तर अस्त. युद्धाचेही पोटभेद आहेत: नुसता काठाला काठ लागणे, एकाने दुसऱ्याला झाकणे, किरणांना किरण भिडणे, एकमेकांना टाळून बाजूने जाणे. कोण जिंकला हे तेजावरून आणि बिंबाच्या मोठेपणावरून ठरवायचे. हे लिहिणाऱ्याने आकाश डोळ्यांनी पाहिले होते यात शंका नाही. पण त्याच अध्यायात शेवटी एक सावध वाक्य येते: हे ग्रह आपापल्या मार्गाने एकमेकांपासून दूर दूर चाललेले असतात, युतीची कल्पना लोकांच्या शुभाशुभासाठी केली आहे. सिद्धांतकाराने स्वतःच सांगून ठेवलेली ही गोष्ट नंतरच्या फलज्योतिषाने फारशी मनावर घेतली नाही.

पाणिनीच्या व्याकरणात दोन व्यंजनांचा संयोग व्हायला एक अट आहे: मध्ये स्वर नको, काहीच नको. ‘क्त’मध्ये क् आणि त यांच्यात फट नाही म्हणून तो संयोग. ग्रहांच्या युतीला अशी अट नाही. १९६२च्या त्या सोमवारी चंद्र आपल्यापासून चार लाख किलोमीटरच्या आत होता, बुध दहा कोटी किलोमीटरच्या आसपास, शुक्र सूर्याच्या पलीकडे सुमारे पंचवीस कोटींवर, गुरू नव्वद कोटींवर आणि शनी सुमारे एकशे साठ कोटींवर. एका दिशेला आले एवढेच. पृथ्वीवर उभे राहून पाहणाऱ्याच्या नजरेची रेघ त्यांना जोडते. मंगळावरून पाहिले असते तर ही अष्टग्रही नव्हती.

युतीच्या या शास्त्राचा पाया कलियुगाच्या आरंभावर उभा आहे. आपल्या ज्योतिषगणिताप्रमाणे कलियुग सुरू झाले ते इसवी सनापूर्वी ३१०२ या वर्षी, १८ फेब्रुवारीला, शुक्रवारी. काही सिद्धांत मध्यरात्र धरतात, काही सूर्योदय. स्थळ उज्जैनच्या रेषेवरची लंका, म्हणजे विषुववृत्तावरचा कल्पित बिंदू. त्या क्षणी सातही ग्रह मेषेच्या शून्य अंशावर होते असे धरले आहे. सगळ्यांत मोठी युती हीच. अष्टग्रहीतले ग्रह सोळा अंशांत पसरलेले होते. इथे सगळे एका बिंदूत.

हे कोणी पाहून लिहिले का? आर्यभटाचे आकडे समोर ठेवले की उत्तर सुटते. कलियुगाची ३६०० वर्षे सरली तेव्हा आपण तेवीस वर्षांचे होतो असे तो सांगतो. ते वर्ष इसवी सन ४९९. त्याच्या महायुगाची लांबी ४३,२०,००० वर्षे. तेवढ्या काळात शनीचे भगण, म्हणजे पूर्ण फेऱ्या, १,४६,५६४, गुरूचे ३,६४,२२४, मंगळाचे २२,९६,८२४. या प्रत्येक आकड्याला चारने भागून पाहा; बाकी उरत नाही. बुध-शुक्रांसाठी जे भगण त्याने दिले त्यांनाही नाही. आर्यभटाची चारही युगे सारख्या लांबीची, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांची. म्हणजे महायुगाचा तीन चतुर्थांश भाग संपून कलियुग लागते त्या क्षणी प्रत्येक ग्रहाच्या पूर्ण संख्येइतक्या फेऱ्या झालेल्या असणार आणि सगळे पुन्हा शून्यावर येणार. युती आकाशातून आलेली नाही, भागाकारातून आली आहे.

आणि तिचा उपयोग केवढा! कोणत्याही दिवशी ग्रह कुठे आहे हे काढायचे तर कलियुगाच्या आरंभापासून किती दिवस लोटले ते मोजायचे, त्याला अहर्गण म्हणतात. अहर्गणाला त्या ग्रहाच्या भगणांनी गुणायचे, महायुगातल्या दिवसांनी भागायचे, पूर्ण फेऱ्या सोडून द्यायच्या. उरलेला अपूर्णांक म्हणजे ग्रहाचे मध्यम स्थान. सगळे शून्यावरून निघाले असे धरल्यामुळे प्रत्येक ग्रहाचा वेगळा आरंभ लक्षात ठेवायला नको. ज्या विद्येत सगळे पाठ करावे लागे तिच्यात ही फार मोठी बचत. रॉजर बियार या फ्रेंच संशोधकाने १९७१मध्ये आर्यभटाचे आकडे आधुनिक गणिताशी ताडून दाखवले की त्याचे ग्रह त्याच्याच काळात, इसवी सन ५१०च्या सुमारास, सर्वांत अचूक बसतात. म्हणजे त्याने किंवा त्याच्या परंपरेने आपल्या काळचे आकाश नीट पाहिले, आणि मग ते बरोबर यावे अशा रीतीने मागे ३६०० वर्षांवर एक सोयीची सुरुवात ठेवली. ही करामत मला कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठी वाटते.

आरंभी सगळे एकत्र होते म्हटले की अंतीही सगळे एकत्र येणार हे मनात आपोआप येते. ही कल्पना एकट्या भारताची नव्हती. बाबिलोनी पुरोहित बेरोसस याचे मत रोमन लेखक सेनेका याने नोंदवले आहे: सगळे ग्रह कर्केत जमले की जग जळेल आणि मकरेत जमले की बुडेल. १९६२ची अष्टग्रही मकरेतली. बेरोससचे नाव ठाऊक नसलेल्या हजारो लोकांनी पुराची भीती घेतली होती हे वाचून थोडे थबकायला होते.

पुढे अरबी ज्योतिषाने गुरू आणि शनी यांच्या सुमारे वीस वर्षांनी होणाऱ्या युतीवर राजवंशांचे उदयास्त टांगले आणि ते शास्त्र युरोपात गेले. ११८६च्या सप्टेंबरात सगळे ग्रह तिकडच्या गणनेने तूळ राशीत जमणार होते. तूळ ही वायुराशी, तेव्हा वादळाने जग उद्ध्वस्त होणार अशी पत्रे दोन वर्षे आधीपासून स्पेनमधल्या टोलेडोच्या नावाने युरोपभर फिरली. इराणात अन्वरी हा थोर कवी ज्योतिषीही होता. त्यानेही झंझावाताचे भाकीत केले. त्या रात्री मनोऱ्यावर ठेवलेला दिवासुद्धा विझला नाही, अशी कथा त्याच्या नावाला कायमची चिकटली.

त्याच काळात सह्याद्रीच्या परिसरात भास्कराचार्य होते. सिद्धांतशिरोमणी ११५०चा; आणि ११८३मध्ये, म्हणजे त्या गाजलेल्या युतीच्या तीनच वर्षे आधी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी करणकुतूहल लिहिले. करणग्रंथ म्हणजे पंचांग करणाऱ्याच्या हाताखालचे पुस्तक. कलियुगापासून मोजत बसायचे कष्ट वाचावेत म्हणून अलीकडचा आरंभ घेऊन केलेले. पुढे १२०७मध्ये त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. कवी आणि राजे वाऱ्याची वाट पाहत असताना इकडे गणित सोपे कसे करावे याचा विचार चालला होता, एवढे तारखाच सांगतात.

युरोपात याहून मोठा गोंधळ १५२४चा. योहान श्टोफ्लर या गणितज्ञाचे पुढच्या अनेक वर्षांचे पंचांग १४९९मध्ये उल्म येथे छापले गेले. त्यात फेब्रुवारी १५२४मध्ये मीन राशीत एकापाठोपाठ एक युती दाखवल्या होत्या. मीन जलराशी, म्हणून महापूर. छपाईची कला नवी होती आणि भीतीला तिचा चांगला उपयोग झाला. पन्नासहून अधिक लेखकांनी शंभरावर पत्रके काढली. कोणी डोंगरावर गेले, कोणी नावा बांधल्या. महापूर आला नाही. मग त्याच वर्षी जर्मनीत शेतकऱ्यांचे बंड पेटले, तेव्हा युतीचा अर्थ तोच होता असे सांगायला लोक मोकळे झाले.

त्याच्या चारच वर्षे आधी, शके १४४२मध्ये, कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ग्रहलाघव लिहिला. या ग्रंथाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. गणेशाचे वडील केशव हेही मोठे ज्योतिषी. कोणत्या सिद्धांताचा कोणता ग्रह आकाशाशी जुळतो आणि कोणाचा किती अंश चुकतो हे त्यांनी स्वतः वेध घेऊन लिहून ठेवले. जुने पूज्य म्हणून चूक झाकायची नाही, ही त्या घरची रीत. गणेशाने पुढे जाऊन ज्यांची, म्हणजे साइनची, कोष्टके गणितातून काढूनच टाकली आणि अकरा अकरा वर्षांची चक्रे करून अहर्गण लहान ठेवला. एका चक्राचे दिवस ४०१६. साध्या गुणाकार-भागाकारावर ग्रह निघू लागले. महाराष्ट्रात आणि बाहेरही पुढची तीनशेहून अधिक वर्षे पंचांगे ग्रहलाघवावर होत राहिली. गावचा जोशी तिथी-नक्षत्र सांगत असे त्याच्या मागे हा नांदगावचा माणूस उभा होता.

कलियुगाच्या त्या मूळ युतीची उलटतपासणी मात्र परक्यांनी सुरू केली, आणि तिची सुरुवात प्रेमातून झाली. फ्रेंच ज्योतिर्विद ल झांती शुक्राचे अधिक्रमण पाहायला पाँडिचेरीला आला होता. १७६९च्या त्या सकाळी ढग आले आणि वर्षांची तपश्चर्या फुकट गेली. पण मुक्कामात तो तमिळ गणकांकडून ग्रहणगणित शिकला. ते पॅरिसला पोचले तेव्हा झां सिल्व्हां बायी याला भुरळ पडली. १७८७च्या आपल्या ग्रंथात त्याने मांडले की ३१०२ची युती खरीच कोणीतरी पाहिली असणार, भारतीयांचे ज्योतिष पाच हजार वर्षांचे आहे. पुढे हाच बायी फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसचा महापौर झाला आणि १७९३मध्ये गिलोटिनखाली गेला. गणिती लाप्लास त्याच्याइतका हळवा नव्हता. ग्रहांच्या गतीचे गणित मागे चालवून त्याने म्हटले की अशी युती झालेलीच नाही, कोष्टके नंतरची आहेत. इंग्रजांत बेंटलीने तर सूर्यसिद्धांत इतका अलीकडे ओढला की त्यातून उलट अन्याय झाला. दोन्ही टोकांना भारत होता तो पुस्तकातला. एकाला तो आदिम ज्ञानी हवा होता, दुसऱ्याला नकलाकार.

हे भांडण शांतपणे मिटवायला जे पुस्तक लागले त्याचे बी अमेरिकन मिशनरी एबेनेझर बर्जेस याच्या हातून पडले, आणि ते पडले मराठीमुळे. बर्जेस १८३९मध्ये मराठी मुलखात आला. शाळांसाठी मराठीत खगोलाचे पाठ्यपुस्तक करावे म्हणून त्याने हात घातला आणि इथल्या लोकांची परिभाषा कळायला हवी म्हणून सूर्यसिद्धांताकडे वळला. पंडितांबरोबर बसून केलेले त्याचे भाषांतर १८६०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले, संस्कृतपंडित व्हिटनीच्या विस्तृत टिपांसह. त्यात कलियुगारंभीच्या ग्रहांची स्थाने आधुनिक गणिताने काढून मूळ ग्रंथाशेजारी ठेवली होती. आजच्या गणिताने पाहिले तर पृथ्वीवरून त्या मध्यरात्री ग्रह सुमारे चाळीस अंशांत विखुरलेले होते. मेळावा खरा, पण सैल. बिंदू नाही.

मग आपल्यातली माणसे पुढे आली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणितावर ग्रहसाधनाची मराठी कोष्टके दिली. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची हयात शाळामास्तरकीत गेली. त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६मध्ये काढला आणि १८९८मध्ये पंचेचाळिशीही न गाठता ते गेले. या विषयावर मराठीत लिहिल्या गेलेल्या पुस्तकांत मी याला पहिले स्थान देतो. कोणत्याही सिद्धांताची स्तुती किंवा निंदा करण्याआधी दीक्षित तो प्रत्यक्ष करून पाहतात, भगण मोजतात, वर्षमान काढतात, आणि मग बोलतात. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ संस्कृतात लिहिले ते नवे गणित जुन्या पंचांगकर्त्याच्या हाती देण्यासाठी. ग्रह दिसतो तिथेच कागदावर यावा, हा दृक्प्रत्ययाचा आग्रह या सगळ्यांचा.

राशी कुठून मोजायच्या यावर मात्र महाराष्ट्र भांडत राहिला. टिळक पंचांग रेवतीच्या तारेपासून आरंभ धरते, केतकर चित्रेसमोरच्या बिंदूपासून; दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक. १९५२मध्ये नेमलेल्या मेघनाद साहांच्या दिनदर्शिका सुधारणा समितीने चित्रापक्ष उचलला. पाश्चात्त्य ज्योतिषी तर वसंतसंपातापासून मोजतात. त्यांची आणि आपली रास १९६२मध्ये तेवीस अंशांहून अधिक सरकलेली होती. त्यामुळे आपल्याकडे जे आठ ग्रह मकरेत बसून प्रलय आणणार होते तेच त्यांच्या सायन गणनेने कुंभेत होते, आणि अमेरिकेत त्याच ५ फेब्रुवारीला कुंभयुगाची मंगल सुरुवात मानणारे लोक होते. जीन डिक्सन या प्रसिद्ध भविष्यवादी बाईंनी त्या दिवशी पूर्वेकडे एक तारणहार जन्मल्याचे जाहीर केले. एकच आकाश, एकच सोमवार.

तर त्या दोन दिवसांत काय झाले? काही झाले नाही. ४ फेब्रुवारीचा रविवार गेला, सोमवार गेला. होमांची राख थंड झाली. काहींनी आपल्या पूजेमुळे संकट टळल्याचे समाधान मानले, आणि त्यांना खोटे पाडायला काहीच साधन नव्हते. पंधरा दिवसांनी, २० फेब्रुवारीला, जॉन ग्लेन पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून आला. मतदान वेळेवर झाले, मेनन निवडून आले, नेहरूंचे सरकार पुन्हा आले.

नंतरचे वर्ष मात्र भविष्यवाल्यांच्या मदतीला धावले. २ मार्चला ब्रह्मदेशात जनरल ने विन याने सत्ता घेतली आणि ऊ नू तुरुंगात गेले. बंधमुक्त केलेल्या प्राण्यांचे पुण्य महिनाभरही पुरले नाही. २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले. त्या महिनाभरातल्या मानहानीनंतर ‘अष्टग्रहीने दाखवलेच’ म्हणणारे निघाले. तेव्हा तेझपूर सोडून निघालेल्या माणसांचा, बोमडिलाच्या थंडीत अपुऱ्या कपड्यांनिशी लढलेल्या जवानांचा जाब ग्रहांना विचारण्यात मला मोठा अन्याय दिसतो. त्या पराभवाची कारणे दिल्लीत होती, नकाशांत होती, चुकलेल्या अंदाजांत होती. ती माणसांची होती म्हणूनच दुरुस्त होण्यासारखी होती. फेब्रुवारीतल्या दोन दिवसांना ऑक्टोबरातले युद्ध जोडायला साडेआठ महिने मधे जाऊ द्यावे लागले. १५२४ला शेतकऱ्यांचे बंड जोडणाऱ्यांनीही हेच केले होते.

५ मे २०००ला पुन्हा सूर्य, चंद्र आणि पाचही ग्रह सव्वीस अंशांच्या आत आले, पुन्हा सूर्यासकट, पुन्हा न दिसणारे. या वेळी दूरचित्रवाणी वाहिन्या आणि वर्तमानपत्रे प्रलयाच्या बातम्या देऊन दुसऱ्या दिवशी विसरून गेली.

याहून पाहण्यासारखा योग अजून यायचा आहे. ८ सप्टेंबर २०४०च्या सुमारास बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाचही दहा अंशांच्या आत येतील, आणि सूर्य त्यांच्यापासून बाजूला असेल. सूर्यास्तानंतर पश्चिमेला, क्षितिजाच्या जवळ, नुसत्या डोळ्यांनी पाचही दिसतील. अमावास्या दोनच दिवसांपूर्वी झालेली असल्यामुळे कोवळी चंद्रकोरही तिथेच. आपल्या निरयन गणनेने रास कन्या. गणेशचतुर्थी त्याच आठवड्यात येते, तेव्हा कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाचा भरवसा नाही. देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात मोकळे आकाश मिळण्याची शक्यता अधिक. पश्चिमेचे क्षितिज उघडे असलेली टेकडी आतापासून हेरून ठेवावी, कारण सूर्य बुडाल्यावर हे पाच जणही लवकरच मावळतील.